टोपलीखालचा पंखा

आमच्याकडे दसऱ्याला एक गोष्ट सांगायचे. सांगायचे कसले, दमच द्यायचे. वर्षभर जे हत्यार हातात धरलं त्याची पूजा चुकवायची नाही. पूजा चुकली की हत्यार रगत मागतं. कोयता, विळी, जाळं विणायची सुई, होडीचं इंजीन, सगळं घासूनपुसून अंगणात मांडायचं, हळदकुंकू लावायचं, वर झेंडूचं फूल ठेवायचं. आणि झाकून ठेवायचं नाही. लपवून केलेली पूजा देवाला पोचत नाही, असं बाबा म्हणायचे. लहानपणी मी हे सगळं खरं मानायची, हायस्कुलात गेल्यावर हसायला लागले. आता हसत नाही. का, ते सांगते.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही चिंचणीला समुद्राच्या बाजूला राहायचो. बाबांची होडी होती. दुपारी तिकडे कुठे सुरुंग उडाला की आमच्या मांडणीवरची भांडी किणकिणायची. पहिल्या पहिल्यांदा सगळा गाव दचकायचा, मग सवय झाली. माझ्या आत्याला मात्र ती कधीच झाली नाही. आवाज आला की हातातलं काम थांबवून ती म्हणायची, "काय तरी वाईट होनार हाय." आणि आई चुलीपासून ओरडायची, "झालं! लागली भाकितं करायला."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचा नवरा होडीसकट समुद्रात गेला तो आलाच नाही. ना माणूस, ना फळी. तेव्हापासून ती आमच्याकडे होती आणि जवळा सुकवायचं काम करायची. जवळा म्हणजे अगदी बारीक, कोंड्यासारखी कोळंबी. ती खळ्यात पसरायची, वाळली की गोळा करायची, आणि मग खरी कटकट सुरू व्हायची. त्यातली वाळू काढायची. सूप घेऊन वाऱ्याला पाठ करून दिवसभर पाखडत बसायचं. वाऱ्यानं जरा तोंड फिरवलं की वाळू सरळ डोळ्यांत. आत्याचा डावा डोळा कायम लाल असायचा. पालघरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, वाळूपासून लांब राहा, नाहीतर हा डोळा जाईल. घरी येऊन आत्या म्हणाली, "त्याला म्हनावं, तू सुईपासून लांब ऱ्हा."

तिच्या जोडीला पाखडायला एक बाई यायची. भात कापून झालं की रेल्वेच्या पलीकडून, डोंगराकडून माणसं कामाला खाली उतरायची, त्यांतली ही. वय पंचविशीचं. आम्ही पोरं तिला डोंगरची वहिनी म्हणायचो. तिच्यासारखी बोटं मी पुन्हा कुणाची पाहिली नाहीत. सुपातून खडा उचलायची तर बघायचीसुद्धा नाही, तोंडानं बडबड चालूच. तिच्या पाड्यावर लग्न असलं की भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहायला तिलाच बोलावायचे. आत्याचं आणि तिचं फार जमायचं. दोघी एकमेकींना "बाय" म्हणायच्या आणि दिवसभर माझ्या बाबांची टिंगल करायच्या.

या सगळ्यात यंत्राचं खूळ शिरलं ते माझ्यामुळे. मी इंग्रजी शिकायला शाळेतल्या एका निवृत्त बाईंकडे जायची. बाई एकट्या होत्या, कडक होत्या, आणि त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची विलायती मासिकं बांधून ठेवलेली होती. आत्या मला न्यायला यायची आणि उंबऱ्यावर टेकायची. एकदा बाईंनी एक जाडजूड अंक काढला. त्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या, डोक्यावर मोठाल्या टोप्या घातलेल्या मडमांची चित्रं होती. राणी व्हिक्टोरियाच्या आणि तिच्या मुलाच्या काळातल्या बायका, काही विलायतेतल्या, काही अमेरिकेतल्या. त्यांनी नवीन वस्तू शोधून काढल्या होत्या आणि सरकारकडून त्याचं पेटंट घेतलं होतं.

"म्हंजे काय?" आत्यानं उंबऱ्यावरून विचारलं.

"म्हणजे सरकारचा कागद," बाई म्हणाल्या. "ही वस्तू हिच्या डोक्यातून निघाली, दुसऱ्या कुणी ती आपली म्हणायची नाही, असा."

"बाईमानसाला देतात?"

"देतात."

मग काय, आत्या उंबरा ओलांडून आतच आली. पुढचे कितीतरी दिवस तो अंक पुरला. एकीनं भांडी धुवायचं यंत्र काढलं होतं. एकीनं मोटारीच्या काचेवरचं पाणी पुसायची दांडी. विलायतेतल्या कितीकजणींनी सायकलच्या चाकात अडकू नये म्हणून दोरीनं वर ओढायचे घागरे शिवले होते आणि त्याचंही पेटंट घेतलं होतं. यावर आत्या पोट धरून हसली. "अगो, काष्टा घालायचा की! त्याला सरकारचा कागद कशाला?"

पण एका बाईला ती हसली नाही. ती अमेरिकेतली. तिचा नवरा काम अर्धवट टाकून मेला होता. त्याच्या वहीवरून तिनं रंगीत जाळाचे दिवे तयार केले. भर समुद्रात, अंधारात, एका जहाजानं दुसऱ्याला खूण करायला. बाईंनी वाचून सांगितलं की पहिल्या कागदावर शोध लावणारा म्हणून मेलेल्या नवऱ्याचंच नाव होतं, तिचं स्वतःचं नाव बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या कागदावर आलं. आत्या म्हणाली, "आमच्या होडीवर असा दिवा असता त..." आणि उठून चालायला लागली. मी मागे पळाले.

दुसऱ्या दिवशी ती बाईंना म्हणाली, "माज्या डोक्यात एक यंत्र हाय. जवळ्याचं. पन त्येच्यावर नाव माजंच पायजे. मेलेल्याचं नाय, भावाचं नाय. माजं."

एवढं सोडून आत्याला दुसरं काही नको होतं. यंत्र विकायचं नव्हतं, त्यातून काही मिळवायचं नव्हतं. जन्मभर ती अमक्याची बायको, तमक्याची बहीण, "ती डोळा लाल असलेली" अशीच ओळखली गेली होती. बाईंनाही हुरूप आला. कायदा अजून इंग्रजांच्याच वेळचा आहे, अर्ज मी लिहीन, म्हणाल्या. फक्त एक अट त्यांनी चार वेळा सांगितली, बोट नाचवून सांगितली. कागद सरकारात पोचेपर्यंत यंत्र चारचौघांत दाखवायचं नाही. एकदा का लोकांनी बघितलं की ते नवं राहत नाही, मग सरकार कागद देत नाही. आणि वर अंकातली गोष्ट वाचून दाखवली. सपाट तळाच्या कागदी पिशव्या करायचं यंत्र एकीनं काढलं. ते ती कारखान्यात घडवून घेत होती तेव्हा एक पुरुष येऊन बघून गेला आणि त्यानंच स्वतःच्या नावानं अर्ज ठोकला. वर कोर्टात म्हणाला, बाईला यंत्रातलं काय कळतंय! तिनं आपले नकाशे आणि वह्या न्यायाधीशापुढे टाकल्या, तेव्हा कुठे जिंकली.

आत्यानं कानाला खडा लावला. यंत्राचे भाग तिनं एका जागी करून घेतलेच नाहीत. चाक आणि पायटा मोडक्या शिलाई मशीनचा. चाळणी पालघरच्या लोहाराकडून. पंख्याची पाती बोईसरच्या एका पत्रेवाल्याकडून. हा पत्रेवाला केंद्राच्या कामाला म्हणून उत्तरेकडून आला होता आणि रेल्वेच्या फाटकाजवळ त्यानं दुकान टाकलं होतं. भला माणूस, आत्याला अम्मा म्हणायचा. "अम्मा, ये काहे के लिए?" त्यानं विचारलं. आत्या म्हणाली, "कोंबड्या हाकलायला." परत येताना बैलगाडीत मी हसून हसून लोळले.

पडवीच्या आतल्या खोलीत यंत्र उभं राहिलं. पायानं पायटा हाणायचा, वरची चाळणी थरथरायची, वाळू खाली पडायची, जवळा पुढे सरकायचा आणि पंखा त्यातली धूळ उडवून खिडकीबाहेर टाकायचा. पहिल्या दिवशी डोंगरची वहिनी टाळ्या पिटत नाचली. मग चाळणी आणि पंखा यांच्यामध्ये जवळ्याचा गोळा अडकला. तिनं सवयीप्रमाणे न बघता हात घातला. आत्यानं तिच्या मनगटावर अशी फटकी मारली की वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. पात्याची कड तिच्या नखाला चाटून गेली होती, एवढंच.

आत्या बाहेर गेली, मासळीची एक विरळ विणीची टोपली उचलून आणली आणि पंख्यावर पालथी घालून तारेनं घट्ट आवळली. वारा थोडा कमी लागायला लागला. पण आता गोळा अडकला तर टोपलीच्या कडेनं बोट फिरवून तो सोडवता यायचा, आत बोट जायचंच नाही. दोन दिवसांत वहिनीच्या हाताला ते इतकं बसलं की ती गप्पा मारता मारता, खिडकीबाहेर बघत, टोपलीच्या कडेनं बोटं फिरवायची आणि गोळा बाहेर काढायची. आत्या कौतुकानं बघत राहायची. मीही बघायची. आम्हाला दोघींना तेव्हा ते फार छान वाटलं, काय सांगू!

यंत्राचं पहिलं चित्र वहिनीनंच काढलं, आतल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठानं. दोन बायका, मध्ये चाक आणि उलटी टोपली. मला त्याचा राग आला, कारण कंपासपेटी माझ्याकडे होती. मग मी बाईंच्या टेबलावर बसून समोरून, बाजूनं आणि वरून असे तीन नकाशे काढले, भागांना आकडे घातले. टोपलीचा आकडा चार.

पावसाळा लागला, जवळा बंद झाला, वहिनी डोंगरावर गेली. अर्ज लिहून तयार होता. उरली होती फक्त सही. आणि इथे माझा गुन्हा येतो.

आत्याला लिहिता येत नव्हतं. बाई म्हणाल्या, अंगठा चालेल. आत्या म्हणाली, नाय चालनार. "अंगठे सगळ्यांचे सारके दिसतात. सही माजीच दिसंल." मला म्हणाली, शिकव. मी तेरा वर्षांची, नुकती वर्गात अक्षराचं बक्षीस मिळवलेली, शिंगं फुटलेली मास्तरीण. आषाढभर आम्ही पाटीवर तिचं नाव गिरवलं. तिसऱ्या अक्षराशी तिचा हात थरथरायचा आणि रेघ खाली घसरायची. मी पुसून टाकायची. "वाकडी आहे, परत काढ." श्रावणात तिची सही कुणीही वाचू शकेल इतकी नीट झाली होती. तशीच अर्जावर घेतली असती तरी कुणाचं काय बिघडणार होतं? पण मला ती मासिकातल्या मडमांसारखी पाहिजे होती, नकाशाच्या खाली शोभणारी. "अजून वाकडी आहे." ती बिचारी मुकाट्यानं परत पाटी घ्यायची. भाद्रपद गेला. अधूनमधून बाई विचारायच्या, कागद कधी पाठवायचा? मी म्हणायची, आठवडाभर थांबा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथं विघ्न एकच होतं आणि ते दोन वेण्या घालून फिरत होतं.

आणि दसरा आला.

आदल्या दिवशी बाबा होडी घासून आले आणि आत्याला म्हणाले, "तुजं ते यंत्र उद्या अंगणात काढ."

"नाय काढनार. झाकून पूजा करीन."

"झाकून?" बाबांचा आवाज चढला. "होडी झाकून पूजतो का मी? पोरी-बाळी त्येच्यापाशी बसतात. उद्या कोनाचं रगत मागितलं तर तू देशील?"

तेवढ्यात तिकडे सुरुंग उडाला, भांडी किणकिणली. मी तिचं तोंड बघत होते. मला ठाऊक होतं ती काय आठवत होती. वहिनीचं नख. रात्री जेवताना ती मला म्हणाली, "कागद आदीच गेला असता त बरं झालं असतं, नाय गो?" रागानं नव्हे, सहज म्हणाली.

सकाळी तिनं स्वतःच यंत्र ओढत अंगणात आणलं. "माजं नाव गेलं त गेलं," म्हणाली, "पन कोनाचं रगत नको." हळद वाहिली, कुंकू लावलं, टोपलीवर झेंडूची माळ घातली. ती हात जोडून इतका वेळ उभी राहिली की आईनं तिला हलवलं.

संध्याकाळी माणसं सोनं द्यायला आली. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन दारात आलेल्याला कोण अडवणार? जो तो यंत्राभोवती फिरला, पायटा हाणून बघून गेला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, इथं तर आम्ही स्वतःच कोंबड्यावरचं झाकण काढलं होतं. बोईसरहून पत्रेवालाही आला. त्यानं वाकून आत्याच्या हातात पानं ठेवली आणि मान वर केली, तेव्हा त्याला आपली पाती दिसली.

तो खाली बसला. पाती, चाक, चाळणी, परत पाती. त्याच्या डोळ्यांत सगळं जागच्या जागी बसताना मला दिसत होतं, देवाशपथ दिसत होतं. मग त्यानं टोपलीवर टिचकी मारली. "अम्मा, ये टोकरी काहे को? हवा रुकती है."

"ऱ्हाऊ दे रुकली तर," आत्या म्हणाली. "वारा कमी लागला तरी चालंल. बोटं ऱ्हायली पायजेत."

तो हसला आणि मान हलवली. चांगलं हसला, वाईट नाही.

बाईंना कळलं तेव्हा त्या माझ्यावर इतक्या भडकल्या की दोन दिवस मला दारात उभं केलं नाही. "आता अर्जात काय लिहू? कुठे दाखवलं नाही म्हणून खोटं लिहू? अख्ख्या गावानं पायटा हाणलाय!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, म्हणाल्या. अर्ज आणि नकाशे त्यांनी एका लिफाफ्यात घालून आत्याला परत दिले. आत्यानं तो लिफाफा पेटीत लुगड्यांखाली ठेवला.

दिवाळी झाली आणि बातमी आली. बोईसरजवळ सालवडला कुणीतरी पत्र्याची शेड उभारली होती, गावोगावचा जवळा ट्रकनं तिथं जात होता आणि मोठ्या यंत्रावर साफ होत होता. यंत्र पत्रेवाल्यानं करून दिलं होतं. त्याला पायटा नव्हता, तेलावरचं इंजीन जोडलं होतं. पंखा चौपट मोठा. आणि डोंगरची वहिनी या वर्षी आमच्याकडे आलीच नाही. तिचा नवरा तिकडेच बांधकामावर होता, तिला शेडमध्ये काम मिळालं होतं. जवळा साफ करता येणारी म्हणून तिला सगळ्यांत आधी घेतलं म्हणे.

आत्या मला घेऊन सालवडला गेली. शेडच्या बाहेरूनच इंजिनाची धडधड छातीत बसत होती. आत वहिनी होती, आम्हाला बघून हात हलवला. पंखा उघडा होता. पाती दिसत नव्हती, नुसता करडा गोल फिरताना दिसत होता.

आत्यानं पत्रेवाल्याला यंत्र चोरल्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मी वाट बघत होते की आता ती त्याला शिव्या घालेल. ती फक्त म्हणाली, "टोपली कुठाय?"

"अम्मा, मालिक बोला हवा कम हो जाती है."

आत्यानं बरोबर टोपली आणलीच होती. इंजीन बंद करायला लावून तिनं ती तारेनं बांधली. आठ दिवसांनी आम्ही परत गेलो तर टोपली शेडमागे पडली होती, कोंबडीनं तिच्यात अंडं घातलं होतं. आत्यानं दुसरी बांधली. तिसऱ्या खेपेला मालकाच्या माणसानं आम्हाला दारातच अडवलं. "म्हातारे, यंत्र तुझं आहे का? मग?"

कागद असता तर आत्यानं तो त्याच्या तोंडापुढे धरला असता. ती टोपली काखेत मारून परत फिरली. वाटेत एकदाच थांबली आणि मला म्हणाली, "तिच्या हाताला सवय मीच लावलीय." मला अर्थ कळला आणि मी मुद्दाम कळला नाही असं दाखवलं.

दोन-तीन महिने गेले आणि एका दुपारी बाबा बाजारातून धावत आले. सालवडला यंत्रानं बाईची बोटं नेली होती. कुठली बाई, हे आम्ही कुणी विचारलंच नाही.

आत्या आणि मी पालघरच्या दवाखान्यात गेलो. वहिनीचा उजवा हात फडक्यांत गुंडाळून छातीवर ठेवला होता. तीन बोटं गेली होती. आत्याला बघून ती रडलीसुद्धा नाही. समजूत काढावी तसं हळू म्हणाली, "बाय, मी बगत नव्हती गो. गोळा अडकला, हात सवयीनं गेला. मला वाटलं टोपली हाय."

आत्यानं तिचा डावा हात धरला आणि जमिनीवर बसकण मारली. मी बाहेर पळाले. दवाखान्याच्या आवारात एक गुलमोहर होता. त्याला डोकं टेकून मी रडले, आणि रडताना तोंडातून एकच वाक्य येत होतं, वाकडी आहे, परत काढ. वाकडी आहे, परत काढ. आजही कुणी पोर पाटीवर अक्षर काढताना दिसलं की मी तिथं थांबत नाही.

आणि आता गाव बोलायला लागला. इतके महिने ते यंत्र पत्रेवाल्याचं होतं, शेडवाल्याचं होतं. सालवडच्या यंत्रावर साफ केलेला जवळा म्हणून लोक कौतुक करायचे. बोटं गेली त्या दिवसापासून ते आत्याचं झालं. हिच्याच डोक्यातलं ते. हिनंच दसऱ्याला आधी लपवायचं घाटलं होतं, देवाला कळत नाही होय? पाणवठ्यावर आत्या आली की बायका गप्प व्हायच्या. आत्याला जे पाहिजे होतं ते तिला मिळालं होतं. सगळा परिसर त्या यंत्राला तिच्या नावानं ओळखत होता.

थोड्या दिवसांनी अपघाताच्या चौकशीला पालघरहून एक सरकारी साहेब आले, सोबत कारकून. पत्रेवाल्यानं सांगितलं होतं, मी फक्त पत्रा कापला, डोकं अम्माचं. आमच्या अंगणात, जिथं दसऱ्याला यंत्र मांडलं होतं तिथंच, त्यांना खुर्च्या दिल्या. आदल्या रात्रीपासून बाबा आत्याला समजावत होते. "नाय म्हन. मला काय ठाऊक नाय म्हन. ते नकाशे चुलीत घाल. कोन सिद्ध करनार हाय?" चोर सोडून संन्याशाला फाशी देतील, म्हणत होते. आणि बाबांचं खरं होतं. एका शब्दानं ती सुटली असती.

साहेबांनी विचारलं, "ते यंत्र मूळ कोणाचं?"

आत्या आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं लिफाफा साहेबांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "माजं."

बाबांनी कपाळाला हात लावला.

"पोर वाया गेलं म्हनून आय नाव काढून घेत नाय," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. मग माझ्या नकाशावर बोट ठेवलं, आकडा चारवर. "ही टोपली बगा साहेब. ती हुती. ती त्यांनी काढली. लिवा."

"विचारलं तेवढंच सांगा," साहेब म्हणाले. कारकून लिहीत राहिला. मी त्याच्या मागे उभी होते आणि अक्षर न् अक्षर मला दिसत होतं. सदरहू यंत्र माझ्या कल्पनेतून तयार झालेले असून. त्यात टोपली नव्हती. दोन वेळा वाचलं, नव्हती.

मी म्हणाले, "आत्या, टोपली लिहिली नाही त्यांनी."

कारकुनानं माझ्याकडे डोळे वटारले. आत्याचा डावा डोळा नेहमीसारखाच लाल होता.

"माजं नाव लिवलंय?"

"हो."

कारकुनानं शाईची डबी अंगठ्यासाठी पुढे सरकवली. आत्यानं ती बाजूला केली आणि त्याच्या हातातलं पेन मागितलं. त्यानं साहेबांकडे बघितलं, साहेबांनी मान हलवली. ती मांडी घालून बसली, कागद गुडघ्यावरच्या पाटीवर घेतला, माझ्याच पाटीवर, आणि जीभ दातांत धरून सावकाश सही केली. तिसऱ्या अक्षराशी हात थरथरला नाही.

सरकारी कागदावरची ती तिची पहिली सही आणि शेवटची. कागद परत देण्याआधी तिनं तो माझ्यापुढे धरला, आषाढात धरायची तसाच, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

सही सरळ आली होती. मी तिला तसं सांगितलं.